कोंबडा गाडीत राहिला

कंपाला,
रविवार, चर्चमधून आल्या आल्या

तीर्थस्वरूप आत्या, सेंगा मांजेरी यांच्या चरणी,

भाचा एरिसा याचा गुडघे टेकून नमस्कार. (कागदावर गुडघे टेकता येत नाहीत हे मला ठाऊक आहे. पण तुम्ही वाचताय तोवर मी टेकलेले आहेत असं समजा आणि मला लवकर उठायला सांगा, कारण आता माझे गुडघेही तुमच्या गुडघ्यांच्या वळणावर चालले आहेत.) रात्र कशी गेली? घर कसं आहे? शेळी व्याली का? केळीच्या बागेला पुन्हा कीड तर लागली नाही ना? तुमचा उजवा गुडघा काय म्हणतो, आणि डावा अजून त्याच्यावर रुसलेलाच आहे का? इकडे आम्ही सगळे खुशाल. नालोंगोने नमस्कार सांगितला आहे. (जुळी झाल्यापासून बायकोला तिच्या नावाने कोणी हाक मारत नाही आणि मलाही सगळं जग सालोंगो, म्हणजे जुळ्यांचा बाप, एवढंच म्हणतं. मला एरिसा म्हणणारी माझ्या बापाची बहीण तेवढी उरली आहे, म्हणून म्हणतो की तब्येतीला जपा.)

फोन खिशात असताना पत्र कशाला, हे तुम्ही विचारणार नाही, कारण मोठी गोष्ट फोनवर बोलू नये हा नियम तुमचाच. तर मोठी गोष्ट अशी, की मी एक गाडी घ्यावी की घेऊ नये हे बुधवारपर्यंत ठरवायचं आहे, आणि आपल्या थोरल्याच्या बोसाचं लग्न त्यात अडकून बसलं आहे. गाडीचा आणि लग्नाचा संबंध काय ते मी सांगणारच आहे, पण आधी मला गाडी सांगू द्या. गाडी न सांगता पुढचं सांगितलं तर तुम्हाला वाटेल, एरिसा मूर्ख आहे. गाडी ऐकल्यावर वाटेल की मूर्ख आहे खरा, पण गाडी चांगली होती.

माझी जुनी गाडी तुम्हाला आठवते. तिचं पोट जमिनीला इतकं जवळ की प्रत्येक गतिरोधकावर नालोंगो खाली उतरते, मी गाडी पार करतो, आणि ती पुढे येऊन पुन्हा बसते. मसाका रस्त्यावरचे फळवाले तिला त्यामुळे चांगले ओळखतात. बरं, मोठी जीप घ्यावी तर आमच्या शेजाऱ्याकडे आहे तशी. तिच्यात चढायला त्याची सासू खुर्ची मागवते आणि उतरताना प्रार्थना म्हणते. आता हे जे मला सापडलं आहे ते दोन्हींच्या मधलं. एसयूव्ही म्हणतात त्याच जातीची, पण आटोपशीर अंगाची आणि श्रीमंत घरातली. खड्डा आला तर ओलांडते, पण ओलांडला म्हणून सांगत सुटत नाही. दार लावलं की आपटत नाही, नुसतं हलकंच ‘हं’ म्हणते, मोठ्या माणसाने नमस्कार घ्यावा तसं. मी पहिल्या दिवशी ते दार उगाचच इतक्या वेळा लावलं की नालोंगो म्हणाली, “अहो, तिला रात्र कशी गेली तेही विचारा.” मागे जाताना समोरच्या छोट्या पडद्यावर मागचं सगळं दिसतं, म्हणजे माणसाने आयुष्यभर ज्याची इच्छा करावी ते. आणि डिकी. सेंगा, त्या डिकीखाली नुसता पाय हलवला की तिचं झाकण आपोआप, घाई न करता, वर जातं. दोन्ही हातांत सामान असताना सोय व्हावी म्हणून हे केलं आहे म्हणतात. मी दोन्ही हात मोकळे असतानाही पायच हलवतो.

तोटे नाहीत असं नाही. मी काही आंधळा नाही. सगळ्यात मोठा तोटा नालोंगोने दुकानात शिरताच काढला. डिकीत वाकून बघितलं आणि म्हणाली, “केळ्यांचा एक घड.” एवढंच. (गावाहून एक घड घेऊन कोण परत येतं? दोन घड, एक फणस, एक पाय बांधलेली कोंबडी, आणि कुणाचा तरी भाचा ज्याला ‘जाता जाता’ शहरात सोडायचं असतं. नको म्हणावं तर तुम्हीच वर्षभर अबोला धरणार.) सीट दुधी रंगाच्या चामड्याच्या आहेत, आणि नोव्हेंबरात तळलेले टोळ खात प्रवास करणारी आमची मंडळी त्यावर हात पुसणार हे नक्की. स्टेपनी एवढी बारीक की तिला पाहून दया येते. शिवाय सीट गरम होते. एक बटण दाबलं की बसल्या जागी पाठीला आणि कमरेला शेक. विषुववृत्तावर राहणाऱ्या माणसाला गरम खुर्ची कशाला लागते, हे मी विक्री करणाऱ्या मुलीला विचारणार होतो, आणि किंमतही पाडून मागणार होतो. पण ती मुलगी चांगल्या घरातली निघाली. उंच टाचांच्या चपला घालून त्या गुळगुळीत फरशीवर तिने माझ्यासमोर गुडघे टेकले आणि माझी, नालोंगोची, जुळ्यांची, पावसापाण्याची चौकशी केली. आता गुडघे टेकलेल्या मुलीशी घासाघीस कोण करणार? भीड ही भिकेची बहीण म्हणतात ते खोटं नाही. तीच म्हणाली, “सालोंगो, बुधवारपर्यंत घेऊन जा, घरच्यांना दाखवा, नाही आवडली तर परत आणा.” माझी जुनी गाडी ओलीस ठेवून मी ही घेऊन आलो.

आणि नेमका शनिवारी बोसाचा क्वांजुला, मुलीच्या घरी भेटी घेऊन जायचा दिवस.

तुम्ही आला नाहीत याचं मला अजून वाईट वाटतं. तुमच्यासाठी मोटारसायकल पाठवली तर तुम्ही तिच्याकडे ज्या नजरेने पाहिलंत ते तो मुलगा येऊन सांगत होता. मालाचा ट्रक पाठवला तर तो फार उंच. असो. थोरला भाऊ गेल्यापासून बोसाच्या बापाच्या जागी मीच उभा राहायचं, तेव्हा पांढरा पायघोळ कान्झू, वर कोट, असा थाटात निघालो. आणि आपल्या लोकांचं तुम्हाला माहीत आहे. लुकायाला सगळ्या गाड्या जमल्या, तिथे कुणीतरी माझी गाडी पाहिली आणि म्हणालं, “ही पुढे.” झालं. तिला रिबिनी बांधल्या, वरातीत पुढे घातली, आणि भेटीच्या टोपल्यांतली सगळ्यात महत्त्वाची वस्तू, म्हणजे मुलीच्या भावाला द्यायचा कोंबडा, तिच्या डिकीत ठेवला. (तिथे गारवा असतो, दिवाही असतो. कोंबड्याला एवढ्या मानाने कुणी नेलं नसेल.)

मुलीचे वडील येकोयाडा काग्वा. सज्जन माणूस, कॉफीचा मळा, बोलणं कमी. मुलगी एसेझा, ती तर सोन्यासारखी आहे. तिने बोसाकडे पाहिलं तेव्हा मी डोळे पुसले, नाकारत नाही. अंगणात समोरासमोर मांडव. टोपल्या आल्या, साखर आली, सोड्याच्या पेट्या आल्या, आईचा गोमेसी झगा, वडिलांचा कान्झू, सगळं अंगणात मांडलं. दोन्ही बाजूंचे बोलणारे एकमेकांना कोपरखळ्या मारत होते. आमच्याकडून लुताया. तोंड एवढं गोड की मधमाशीने वाट चुकावी, पण थांबणं त्याला माहीत नाही. सगळं मांडून झालं आणि त्यांचा बोलणारा म्हणाला, “सगळं आलं, पण मुलीच्या भावाचे हात अजून रिकामेच दिसतायत. लुताया, वाटेत भूक लागली होती का?”

सगळे हसले. कोंबडा गाडीत राहिला होता. तुम्हाला मी काय सांगू, बाकी सगळं दिलं आणि तो कोंबडा दिला नाही तर दिलेलं सगळं पाण्यात. मी उठून पळतच गेलो. आता इथे शहाण्या माणसाने काय केलं असतं? कोंबडा काखेत मारून चालत आला असता. पण अंगणापर्यंत सगळा चिखल, माझा कान्झू पांढरा, आणि (खरं सांगतो) मला ती डिकी चारचौघांत उघडायची होती. मी गाडी फिरवली आणि उलटी, पडद्यात बघत बघत, फाटकातून थेट अंगणात घेतली. दोन टोपल्यांच्या मधे अशी लावली की धक्का नाही. उतरलो. मागे गेलो. पाय हलवला. झाकण सावकाश वर गेलं, आत दिवा लागला, आणि लाल रिबीन बांधलेला कोंबडा उभा राहून आरवला.

सेंगा, असा क्षण माणसाच्या वाट्याला एकदाच येतो. बायकांनी एकदम किलकारी दिली. एक म्हातारे गृहस्थ टोपी काढून उभे राहिले. आणि लुताया, ज्याने तेव्हा तरी गप्प बसायचं, तो हात पसरून म्हणाला, “आम्ही कोंबडा हातात आणणारे लोक नाही. आमचा कोंबडा बघा कसा येतो.” त्यांचा बोलणारा काही कमी नव्हता. तो लगेच म्हणाला, “पाहिलं. कोंबडा घेतला, खुराडंही घेतलं. काग्वांचं घर दोन्हींबद्दल आभारी आहे.” ढोल वाजले. मुलीच्या भावाने एका हातात कोंबडा घेतला, दुसरा हात माझ्यापुढे किल्लीसाठी धरला.

आता तुम्हीच सांगा. फाटकातून आत येऊन अंगणात ठेवलेली वस्तू परत नेता येत नाही. मुलाकडच्यांनी स्वतः बोलायचं नाही, आपल्या बोलणाऱ्याच्या तोंडून बोलायचं, आणि आमचं तोंड तर स्वतःच्या वाक्यावर खूश होऊन घाम पुसत होतं. मी अंगणापलीकडे येकोयाडांकडे पाहिलं. त्यांनाही बोलायची मुभा नव्हती. ते माझ्याकडे पाहत होते, आणि त्यांचं तोंड भेट मिळालेल्या माणसाचं नव्हतं. बोसा राखेसारखा झाला होता. दुकानाची गाडी म्हणून सांगावं तर सासरी त्याची पहिली ओळख उसन्या गाडीची होते आणि एसेझाच्या बापाची चारचौघांत मान खाली जाते. मी किल्ली दिली. लोक आवळा देऊन कोहळा काढतात. आम्ही कोंबडा द्यायला गेलो आणि गाडी देऊन आलो. जाताना सगळ्यांत पुढे होतो, येताना ढोलवाल्यांच्या टेम्पोत, मांडीवर ढोल. नालोंगो सबंध वाटेत एवढंच म्हणाली, “डिकी मात्र छान उघडली.”

तर असे हे फायदे आणि असे हे तोटे. गाडी उत्तम आहे, हे माझं मत अजूनही बदललेलं नाही. फक्त ती विकत मी घ्यायची आणि राहणार ती काग्वांच्या अंगणात, एवढीच अडचण. घेतली तर मी बुडतो, न घेतली तर बोसा. तुमच्या अनुभवाने तुम्ही जो सल्ला द्याल तो मला मान्य आहे. घरातल्या लहानथोरांना आशीर्वाद.

तुमचा आज्ञाधारक,
एरिसा मुबिरू

ता. क. वर सल्ला मागितला आहे तो शिष्टाचार म्हणून. सल्ला नको, तुम्हीच हव्या आहात. घरातली जी गोष्ट पुरुषांना बोलता येत नाही ती सेंगाने बोलायची, ही रीत माझ्या आधीची आहे. येकोयाडांच्या घरी जा. काय बोलायचं ते मी शिकवू नये.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवत होतो तोच मुलीच्या भावाचा बोसाला फोन आला. येकोयाडांना चालवता येत नाही. काल संध्याकाळपासून अख्खं गाव दारात आहे. कुणाचा पाय मुरगळला, कुणाची कॉफीची पोती गिरणीवर न्यायची आहेत, आणि पुढच्या तिन्ही लग्नांना वरातीत पुढे कोणती गाडी हे ठरूनही गेलं. शेळी जवळून गेली तरी गाडी बोंबलते. भेट परत केली तर आमचा अपमान होईल म्हणून ते बोलत नाहीत, आणि परत मागितली तर त्यांचा होईल म्हणून आम्ही. तिकडून शेवटी एवढंच विचारलं गेलं, “तुमच्याकडे एखादी सेंगा आहे का?” बोसा म्हणाला, “आहे. पण मोटारसायकलवर बसत नाही.”

ता. क. तिसरा. म्हणून मंगळवारी सकाळी तो भाऊ ती गाडी घेऊन तुमच्या दारात येईल. तिची सीट किती उंच आहे ते मी परवाच मोजलं आहे. माझ्या स्वयंपाकघरात जुळ्यांच्या बाप्तिस्म्याला तुमच्यासाठी केलेली तिपाई आहे; बरोबर तेवढी, बोटभर इकडे नाही की तिकडे नाही. चढायचं नाही, वाकायचं नाही, नुसतं बसायचं. गरम सीटची मी चेष्टा केली ती मागे घेतो. ते बटण तुमच्या कमरेसाठी आहे. येकोयाडांकडे बोलून झालं की खाली उतरू नका, तशाच इकडे या. बोसाचं लग्न लागेल तेव्हा त्याच्या बापाची खुर्ची रिकामी असणार. तिच्या शेजारची तुमची खुर्ची मला रिकामी बघवणार नाही. हा एकच फायदा धरून मी त्या दुकानात शिरलो होतो, बाकीचे तुमच्यासाठी लिहून काढले. माझ्या दारात तुम्ही कण्हल्याशिवाय उतरलात तर गाडी घेतली. कण्हलात तर बुधवारी परत.

ता. क. शेवटचा. कण्हायचंच असेल तर लुकायाला कण्हून घ्या. तिथे मी नसतो. आणि घड एकच आणा.