मागच्या खोलीची लाइन

३ जून

चि. सौ. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

दोन दिवसांत नवा बोर्ड बसवून गेलीस, त्याचं गल्लीभर कौतुक झालं. नणंद वायरिंगची कामं करते हे आजवर लपवत होते, आता मिरवते. पण बाई, तुझा तो शॉकपासून वाचवणारा स्विच फारच नाजूक प्रकृतीचा निघाला. सासूबाईंनी मागच्या खोलीत बादलीत पाणी तापवायचा हीटर लावला की खट्कन पडतो आणि अख्ख्या घराची वीज जाते. टीव्हीसमोरून उठून उठून तुझे दादा वैतागले. बाबांच्या जुन्या बोर्डाचा तीस वर्षांत एकदाही फ्यूज गेला नाही, हे येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवतात. मी सासूबाईंना म्हटलं, गार पाण्याने कुणी मरत नाही, तर लगेच गुडघ्यांचं रडगाणं. काय करायचं ते कळव, नाहीतर आमचं आम्ही बघू.

माया आहेच, ती वाढव.
तुझी वहिनी

९ जून

ती. सौ. वहिनींस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर सांगितलं की तुम्ही हसण्यावारी नेता, म्हणून लिहिते. स्विच नाजूक नाही, हीटर खराब आहे. त्यातून वीज पाण्यात उतरते. स्विच पडतो तेव्हा प्रत्येक वेळी आईचा जीव वाचतो. तो हीटर फेकून द्या, नवा मी पाठवते. आणि जुना फ्यूज जात नव्हता, कारण बाबांनी त्यात सुतळीएवढी जाड तार घातली होती. घर पेटलं असतं तरी तो गेला नसता. मी तो बोर्ड उतरवणारच होते, पण बाबांची आठवण म्हणून दादा हळवा झाला आणि मी तो भिंतीवर राहू दिला. वायरी कापायला हव्या होत्या, मी नुसत्या सोडवून ठेवल्या. चूक माझी. त्याला कुणी हात लावू नका.

आईला जपा, माझ्यावर लोभ ठेवा.
धाकटी

१५ जून

चि. सौ. धाकटीस, आशीर्वाद.

तुझं व्याख्यान वाचलं. तुझे दादा म्हणाले, चांगला चालता हीटर फेकायला आपण काय नवकोट नारायण? स्वतः स्टुलावर चढून त्यांनी मागच्या खोलीची लाइन बाबांच्या बोर्डाला जोडली. झालं! हीटर चालतो, टीव्हीही चालतो. बादलीला हात लावला की मुंग्या येतात म्हणून सासूबाई कुरकुरतात. मी म्हटलं, या वयात मुंग्या नाही येणार तर काय?

रागावू नकोस, लोभ आहेच.
वहिनी

१९ जून

वहिनी,

नमस्कार-चमत्कार राहू दे. फोन तुम्ही दोघंही उचलत नाही, म्हणून हे कुरिअरने पाठवते. पत्र मिळताच मागच्या खोलीची लाइन बंद करा. वाचून संपायच्या आत करा. रविवारी मी येऊन नीट करते. तोवर आईला बादलीजवळ जाऊ देऊ नका. पाया पडते.

धाकटी

४ जुलै

चि. सौ. धाकटीस, आशीर्वाद.

चार दिवस राहिलीस, पण नुसती बाबांच्या बोर्डापाशी उभी. तुला जे विचारायचं होतं आणि विचारलं नाहीस, ते सांगून टाकते. तुझं कुरिअर गुरुवारीच मिळालं. तुझे दादा म्हणाले, रविवारी ती येतेच आहे, तीच करेल. सासूबाई शनिवारी सकाळी गेल्या, त्याला आम्ही काय करणार? डॉक्टरांनी हृदय बंद पडलं असं लिहून दिलंय. तेच तूही सगळ्यांना सांग. तुझं पत्र मी फाडून टाकलं. विषय निघालाच तर जुन्या बोर्डाच्या वायरी न कापता कोण गेलं, हेही निघेल. तुझ्या धंद्याला ते बरं नाही.

मागच्या खोलीत आता आमची लेक अभ्यासाला बसते. म्हणून तू गेलीस त्याच दिवशी तुझ्या दादांनी बाहेरचा वायरमन बोलावून हीटर भंगारात दिला, बाबांचा बोर्ड उतरवला आणि ती लाइन तुझ्या नव्या बोर्डावर घेतली. पोरीच्या जिवाशी खेळ नको, म्हणाले. तेव्हापासून स्विच एकदाही पडला नाही. काम खरंच छान केलं आहेस.

येत-जात राहा, माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी वहिनी