स्वॅबवालीला धडा

३ मार्च
चहाच्या वेळी आमच्या मांस तपासायच्या लॅबमधली नवी स्वॅबवाली, म्हणजे कापसाचा बोळा फिरवून जंतू मोजणारी, सगळ्यांदेखत माझ्याबद्दल म्हणाली, काकांचा निकाल येईपर्यंत कोंबडी पचूनसुद्धा जाते. सगळे हसले. साहेबही. मी हसलो नाही. बिस्किट मात्र संपवलं.
सूड घ्यायचा. शांतपणे.

४ मार्च
साहेबांना गाठलं. म्हटलं, होऊन जाऊ दे. दहा दुकानांची कोंबडी, प्रत्येक तुकडा अर्धा तिला, अर्धा मला. ती वरून बोळा फिरवणार, मशीनला लावणार, दुपारपर्यंत जंतूंचा आकडा. मी माझ्या पद्धतीने मांस पिशवीतल्या निर्जंतुक पाण्यात हाताने चोळणार, ते पाणी जंतू वाढवायच्या बशीत. दोन दिवसांत जितके जंतू तितके ठिपके.
साहेब म्हणाले, जिंकेल त्याच्याकडे विभाग. हरेल त्याने दुकानं हिंडून नमुने आणायचे.
तिला व्यायाम हवाच आहे.

५ मार्च, सकाळी १०
ती टोपी, मास्क, ग्लोव्हज घालून आली. जणू ऑपरेशन. मला विचारते, काका, ग्लोव्हज? म्हटलं, बावीस वर्षं उघड्या हाताने करतोय. मोज्यातून मांस कळत नाही.
हात धुतले होते. सकाळी, घरी.

७ मार्च
सरासरी: तिची चाळीस, माझी दोनशे दहा!
दहाही तुकड्यांत मी वरचढ. तिचा बोळा जंतूंना नुसत्या गुदगुल्या करतो. अहवालात हेच लिहिलं, सभ्य शब्दांत.
बायकोला म्हटलं, आता विभागप्रमुखाची बायको म्हणवून घे. म्हणाली, आधी हात धुऊन जेवायला बसा.

८ मार्च
साहेबांपुढे अहवाल वाचला. तिने शेवटी एवढंच विचारलं, काका, रिकाम्या पिशवीचा आकडा? म्हणजे मांस घालायचं नाही, बाकी सगळं तेच. म्हटलं, नसलेल्या कोंबडीत काय मोजू? साहेब म्हणाले, मोजा.
हरणाऱ्यांचे बहाणे. शून्य आलं की तिच्याकडून लेखी माफी घ्यायची. मसुदा तिच्या वतीने मीच करून ठेवला. दीड पान झाला.

१० मार्च
रिकामी पिशवी: एकशे सत्तर.
साहेबांनी बशी उजेडात धरून दोनदा मोजली. दोनशे दहातून वजा केले, उरले चाळीस, आणि तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, काका, बाकीचे एकशे सत्तर तुमच्या हातांचे.
कारणं: पाणी खराब. बशा जुन्या. खिडकीतून वारा. हातांचा संबंध नाही. तसं लेखी देणार.

११ मार्च
दिलं. साहेबांनी कागद कोपऱ्याला धरून घेतला.

१३ मार्च
नमुन्यांचं पहिलं दुकान. रांगेत सातवा. खाटकाच्या हातात निळे मोजे. तुकडा नीट बघायला जरा वाकलो, तर म्हणाला, साहेब, मालाला हात लावू नका. रांग हसली.
याचा सूड घ्यायचा. दुकानाचं नाव यादीत सगळ्यात वर लिहिलं.
पण मोजणार ती. आणि तिचा आकडा बरोबर येतो.