नाला मोकळा करा

४ फेब्रुवारी, सकाळ

खिडकी उघडली. लगेच लावली.

आमच्या दारासमोरून नाला जातो. वर फरश्या टाकून झाकलेला आहे, त्यामुळे परक्या माणसाला तो रस्ताच वाटतो. फक्त नेमकी आमच्यासमोरची एक फरशी मधोमध फुटली आहे. त्या भोकातून अख्खं गाव आमच्या बैठकीच्या खोलीत ढेकर देतं. शी!

काल कन्येचा फोन. मागच्या खेपेला नात आली आणि दोन दिवसांत खोकला घेऊन परत गेली. कन्या म्हणाली, बाबा, तो वास जाईपर्यंत मी पिल्लूला तिकडे आणणार नाही, राग मानू नका. मी मानला नाही. ही मात्र त्यानंतर बराच वेळ एकच पातेलं घासत बसली होती.

नगरपालिकेने गावाचा वीस वर्षांचा विकास आराखडा करायला घेतलाय. महिनाअखेरीस जाहीर सुनावणी, नागरिकांनी सूचना द्याव्यात. ही म्हणाली, वीस वर्षांचं राहू द्या, तेवढी एक फरशी बदलायला सांगा. हिचं हे असं. नजर उंबऱ्यापलीकडे जाईल तर शपथ. एका फरशीने काय होतं? दुखणं नियोजनाचं आहे.

संकल्प: संपूर्ण गावाचा शाश्वत नागरी विकास आराखडा मी स्वतः करणार. मार्चमध्ये नात या घरात खेळत असेल.

५ फेब्रुवारी

ही विचारते, शाश्वत म्हणजे काय हो? म्हटलं, कायम टिकणारं, पिढ्यान् पिढ्या पुरणारं. ती म्हणाली, मग आपला वास शाश्वतच आहे की.

पेन्सिलीला टोक केलं. विषय गंभीर आहे.

७ फेब्रुवारी, दुपार

अभ्यासाला बसलो. खरं म्हणजे माझा अभ्यास झालेलाच आहे. उभा जन्म लोकांचे फोटो फ्रेम करण्यात गेला. फ्रेमच्या पाठीला लावायला रद्दी लागायची आणि कात्री लावण्याआधी प्रत्येक कागद वाचायचा हा माझा नेम. त्यामुळे जगात असा विषय नाही जो मला फ्रेमच्या मापापर्यंत माहीत नाही. नागरी नियोजन तर मी मोठ्या साइजमध्ये वाचलंय.

एक लेख अजून पाठ आहे. ‘सांडपाण्यात कर्दळ लावल्यास पाणी शुद्ध होते, मात्र त्यासाठी आधी’. इथे कात्री लागली होती. पुढे काही महत्त्वाचं असेल असं वाटत नाही. महत्त्वाचं असतं ते लेखक आधीच सांगून टाकतात.

९ फेब्रुवारी

फुटक्या फरशीच्या भोकात कर्दळ लावली. नाकाला पंचा बांधून. समोरचा इस्त्रीवाला दुकानातून ओरडला, काका, नाल्याला फुलं वाहताय? गेला की काय? शिकलेली माणसं परवडली, ही इस्त्री केलेली नकोत.

११ फेब्रुवारी

कर्दळ काळी पडून आडवी. इस्त्रीवाला म्हणाला, काका, तीपण गेली बघा.

निष्कर्ष: रोपवाल्याने निकृष्ट माल दिला. तत्त्व बरोबर आहे.

१४ फेब्रुवारी

गावाची पाहणी. घरी आल्यावर जेवण गेलं नाही. स्टँडच्या भिंतीचा मूळ रंग कोणता हे आता फक्त छताजवळ कळतं, कारण तेवढ्या उंचीवर कोणाची पिचकारी पोचत नाही. प्रयत्न केल्याच्या खुणा आहेत. बाजारामागच्या मोकळ्या प्लॉटवर ‘येथे कचरा टाकू नये’ अशी पाटी. पाटी कमरेपर्यंत कचऱ्यात उभी.

एक बाई पिशवी घेऊन आल्या. त्यांना अडवून स्वच्छतेवर चार शब्द सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, मग कुठं टाकू? म्हटलं, ते आराखड्यात येईल. बरं, त्या म्हणाल्या, येईपर्यंत इथंच टाकते. आणि पाटीवर नेम धरून टाकली.

शिसारी आली. पण नेम चांगला होता.

१७ फेब्रुवारी

फ्रेमच्या जाड पुठ्ठ्यावर आराखडा काढतोय. बागा हिरव्या, सायकलची वाट पिवळी, नाला निळा. निळा रंग देताना हात थोडा अडखळला, पण नियोजन म्हणजे उद्याचं बघणं. नाल्याकाठी झाडं, बाकडी, आणि आमच्या घरासमोर एक घसरगुंडी. नातीच्या उंचीची. बाकी गावातल्या मुलांना ती लहान पडेल, त्याला माझा इलाज नाही.

ही डोकावून म्हणाली, या निळ्याला वास येत नाही, हे एक बरं केलंत.

१९ फेब्रुवारी

आज मोठा अनर्थ टळला. मी टाळला.

सफाईचा मुकादम हातगाडीवर नवी कोरी फरशी घेऊन दारात उभा. म्हणाला, काका, जरा पाय बाजूला घ्या, फरशी टाकतो, गडी आहेत बरोबर, आत्ता होईल. मी विचारलं, हे काम कोणत्या आराखड्यात बसतं? तो म्हणाला, कसला आराखडा घेऊन बसलात, काकूंनी महिनाभर डोकं खाल्लंय माझं.

मी त्याला समजावलं. ठिगळाने कपडा नवा होत नाही. शिवाय सुनावणी तोंडावर आलीये. भोकच बुजवलं तर साहेबांना दाखवू काय? पुरावा नष्ट करणं बरं नव्हे. मुकादम म्हणाला, म्हणजे घेऊन जाऊ? म्हटलं, खुशाल. काम न करता काम झाल्याचा एवढा आनंद मी कोणाच्या तोंडावर पाहिला नव्हता.

ही हात पुसत बाहेर आली तेव्हा हातगाडी वळणावर पोचली होती. तिने चहा दिला. साखर नव्हती.

२४ फेब्रुवारी

आराखड्याला फ्रेम केली. सागवानी पट्टी, वर काच. आयुष्यात एवढी सुबक फ्रेम झाली नव्हती. उचलताना कंबरेत उसण भरली. दूरदृष्टीला वजन असतंच.

२६ फेब्रुवारी, संध्याकाळ

सुनावणी. विजय. सविस्तर लिहितो.

नगरपालिकेच्या जिन्यात इतकी दुर्गंधी, की आमचा नाला इथूनच उगम पावतो की काय असं वाटावं. वर सभागृहात नगराध्यक्ष, आणि शेजारी अभियंता. या अभियंत्याला सगळे बघूसाहेब म्हणतात, कारण कोणी काही मागितलं की ते म्हणतात, बघू.

मी फ्रेम उभी धरली. काचेवर ट्यूबलाइट अशी चमकली, की कोणाला आत काही दिसेना. नगराध्यक्षांना वाटलं आपला सत्कार आहे. ते उठले, नमस्कार केला, फ्रेम घेतली, फोटो झाला, आणि शिपायाने ती आत नेली. मी डगमगलो नाही. भाषण सुरू केलं. माणूस गुहेतून बाहेर का आला इथून सुरुवात केली होती. तो बाहेर यायच्या आत वेळ संपल्याची घंटी वाजली. मागून कोणीतरी म्हणालं, काका, त्याला राहू द्या गुहेतच, मुद्द्याचं बोला.

मग मी आयुष्यभराचं वाचन तीन शब्दांत आवळलं. हात वर करून गर्जलो, नाला मोकळा करा!

टाळ्या! बघूसाहेबांनी पहिल्यांदाच पेन उचललं. विचारलं, मोकळा म्हणजे थोडा की पूर्ण? मला अपमान वाटला. म्हटलं, साहेब, अर्धवट काम मला जन्मात जमलेलं नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत पूर्ण मोकळा! नगराध्यक्ष म्हणाले, वा, बिनखर्चाची सूचना आहे. ठराव एकमताने मंजूर.

घरी आल्यावर हिने विचारलं, गाळ काढायला सांगितलंत ना? म्हटलं, तेच तर सांगितलं. ती म्हणाली, गाळ हा शब्द तोंडातून काढलात का? आता हिला काय सांगणार! मोकळा म्हटलं की गाळ आलाच. गळा मोकळा करा म्हटलं तर कोणी सुरी आणतं का?

१ मार्च

कन्येला फोन केला. दहा तारखेला या. तिने विचारलं, खरंच गेला वास? म्हटलं, गेल्यात जमा. तिने तिकिटं काढली. ही गाद्यांना ऊन दाखवतेय. मी फ्रेमच्या उरलेल्या पट्ट्यांची एक छोटी खुर्ची केली आणि कडा गालावर घासून पाहिल्या. कुठे टोचत नाही.

६ मार्च, सकाळ

यंत्र आलं! सरकारी काम, आणि आठवड्यात! फरश्या एकेक करून उचलतायत. बरोबरच आहे, वरचं झाकण काढल्याशिवाय खालचा गाळ कसा काढणार? सगळ्या गड्यांना चहा दिला. इस्त्रीवाल्याकडे मुद्दाम बघितलं.

६ मार्च, संध्याकाळ

सगळ्या फरश्या ट्रकमध्ये भरून गेल्या. यंत्रही गेलं. गाळ आहे तिथेच आहे.

मुकादम हात झटकत म्हणाला, काका, काम फत्ते. मी विचारलं, आणि गाळ? तो म्हणाला, गाळाचा ठराव कुठाय? ठराव मोकळा करायचा. बघा की, किती मोकळा झालाय, पहिल्यांदा आभाळ बघतोय बिचारा. फरश्या कुठे गेल्या विचारलं तर नगराध्यक्षांच्या गल्लीत. तिथे चिखल फार होतो म्हणे.

लिहिताना उलटी होईल असं वाटतंय. आजवर वास एका भोकातून यायचा, आता तो सहकुटुंब आलाय. काळ्या पाण्यावर साय धरलीये आणि मधूनच एक बुडबुडा येतो, सावकाश फुटतो, जणू आत कोणीतरी जेवून समाधानाने पडलंय. घरात शिरायला फळी टाकावी लागली.

ही म्हणाली, घ्या, पूर्ण मोकळा.

७ मार्च

बघूसाहेबांना गाठलं. ते खूश. म्हणाले, तुमच्यासारखे जागरूक नागरिक हवेत. म्हटलं, साहेब, परत झाकून द्या. ते म्हणाले, त्याला नवा ठराव लागेल, ठरावाला सुनावणी लागेल. सुनावणी कधी? पुढच्या आराखड्याला. तो कधी? हा संपला की, वीस वर्षांनी. अर्ज ठेवून जा. बघू.

माझी फ्रेम जिन्याच्या कोपऱ्यात लावलीये. लोक तिथे थुंकायचे म्हणून. आता काचेवर थुंकतात. सायकलच्या वाटेवर जास्त.

८ मार्च

इस्त्रीवाल्याची गिऱ्हाइकं कपडे हुंगून परत आणून टाकतायत. त्याने आज दुकान बंद ठेवलंय. या गल्लीत माझं नाव मोकळेकाका पडलंय. मी ओ देत नाही.

कन्येला येऊ नको म्हणून कळवावं, असं ही म्हणते. उगाच का? वारा फिरेल. या दिवसांत फिरतो.

१० मार्च, दुपार

वारा फिरला नाही.

रिक्षा वळणावरच थांबली. कन्या नातीला घेऊन उतरली, चार पावलं आली आणि नाकाला रुमाल लावून उभी राहिली. नात तिच्या कडेवर. केवढी झालीये! मी फळीवरून तिला घ्यायला दोन्ही हात पुढे केले. फळी हलली. उजवा पाय गुडघ्यापर्यंत आत. बाहेर काढला तेव्हा चप्पल आतच राहिली होती आणि पायाचा रंग वेगळा होता. नात टक लावून बघत होती. तशाच अवस्थेत मी तिला टाळ्या वाजवून दाखवल्या.

कन्या म्हणाली, बाबा, तुम्ही म्हणालात गेल्यात जमा. एवढंच म्हणाली. ओरडली असती तर बरं होतं.

ही आत गेली. मला वाटलं पाणी आणायला गेली. पिशवी भरून बाहेर आली. फळीवरून तोल सांभाळत पलीकडे गेली, नातीला छातीशी धरलं आणि म्हणाली, अहो, पोरगी इथे येऊ शकत नाही, तर आजी तिच्याकडे जाईल. भात लावलाय, शिट्ट्या झाल्या की बंद करा. आणि आराखड्याकडे लक्ष असू द्या.

रिक्षा गेली. इस्त्रीवाल्याने बादली आणून दिली.

११ मार्च

भात करपला होता. पाय पुन्हा धुतला.

संकल्प: सकारात्मक राहायचं. खिडक्या उघडायच्या नाहीत. झालेल्या प्रकारात माझी चूक शोधून पाहिली. मराठी भाषेची आहे.

२० मार्च, संध्याकाळ

हिचा फोन. आवाज खुशीत. अजून महिनाभर राहते म्हणाली. नात आता बोट लावून दाखवायला लागलीये. कान कुठेय म्हटलं की कान धरते, डोळे कुठेत म्हटलं की बोट डोळ्यात घालते.

मग ही थांबली आणि हसायला लागली. विचारलं, काय झालं? म्हणाली, काही नाही हो. म्हटलं, सांग तरी. ती म्हणाली, आजोबा कुठेत, असं विचारलं की ती नाक चिमटीत धरते.

मी विचारलं, घट्ट?

अगदी घट्ट, ती म्हणाली.

म्हणजे विसरलेली नाही.