‘ळ’ची दोन पोटं

आबा, चौथीतून माझं नाव काढलंत आणि वर अख्ख्या बाजारात सांगत सुटलात, “पोरीचा हात लय स्थिर हाय, तिला शाळंत कशाला कुजवू?” दादाचा हात थरथरायचा, म्हणून दादा शिकला. आज तो कोरेगावात कारकून आहे, पंख्याखाली बसतो. माझा हात चांगला, म्हणून मी पत्रा कापला. हा कुठला न्याय, ते तुम्ही जिवंत होता तोवर मी विचारलं नाही. विचारलं असतं तर पक्कड फेकून मारली असतीत.

सांगलीच्या हळदबाजारामागची आपली खोली. पोत्यांवर व्यापाऱ्याचं नाव उठवायचे पत्र्याचे मार्के तुम्ही कापायचा. पत्रा पोत्यावर धरून वरून काळा रंग फिरवला, की कापल्या जागेतून अक्षर खाली उतरतं. मी दहा वर्षांची असेन. एका अडत्याचा मार्का तुम्ही पहिल्यांदा माझ्याकडं सरकवता. शब्द सोपा, गूळ. ‘ग’ निघाला, उकार निघाला. ‘ळ’ला दोन पोटं, म्हणजे गोलांच्या आतल्या बंद जागा. मी जोरात गोल छिन्नी चालवते आणि दोन्ही पोटं टपकन फरशीवर पडतात. पत्र्याला नुसती दोन भगदाडं. तुम्ही ते दोन तुकडे उचलून माझ्या तळहातावर ठेवता.

“वाच.”

“काय वाचू आबा? नुसता पत्रा हाय.”

“मग? पोट पडलं की अक्षर मेलं. पोटाला धराय मधी पत्र्याची बारीक काडी सोडायची, कितींदा सांगू?”

आणि कानाखाली एक. त्यानंतर आजतागायत माझ्या हातून एकही पोट पडलेलं नाही. पत्रा गेला, तुम्ही गेलात, मी छपाईच्या दुकानात अक्षरांची फिल्म कापायला लागले, तरी ‘व’ दिसला की हात आपोआप काडी सोडतो.

आता दुकानात कॉम्प्युटर आलाय. मालकाची सून चालवते. तिला सातवा लागलाय, सोमवारी ती साताऱ्याला माहेरी जाणार, म्हणून परवा तिनं मला शेजारी बसवलं. कुपवाडच्या एका कारखान्याच्या हळदीच्या पाकिटाचं काम होतं. तिथं एकावर एक लेयर असतात, म्हणजे थर. खाली हळकुंडांचा फोटो, वर कोरा पांढरा लेयर. पांढऱ्यात ‘हळद’ लिहायचं, तेवढाच भाग धरायचा आणि बटण दाबून उडवायचा. म्हणजे अक्षराची खिडकी होते आणि त्यातून हळकुंडं दिसतात. आपला मार्काच की आबा, नुसता रंगाच्या जागी फोटो! मला वाटलं, हे तर माझंच काम. ती पाणी प्यायला उठली तेवढ्यात मी माऊस धरून ‘ळ’च्या दोन्ही पोटांना पांढऱ्या काड्या जोडल्या, नीट, सारख्या जाडीच्या.

ती आली आणि बघतच राहिली. “मावशी, हे काय? अक्षराला टाके घातलेत व्हय?”

“काडी सोडली. न्हाईतर पोटं पडतील.”

“पडतील? कुठं? टेबलाखाली बघू का मी वाकून? मला तर वाकाय पण येईना आता!” हसता हसता तिनं कमरेला हात लावला. मग एक बटण दाबून माझ्या काड्या पुसल्या.

पोटं पडली नाहीत. चारी बाजूंनी पिवळी हळद आणि मधे दोन पांढरी पोटं, कशालाही न धरता जागच्या जागी. तिनं लेयर इकडून तिकडं ओढला, तर पोटंही बरोबर गेली. मी उठून मोरीवर गेले आणि उगाच हात धूत बसले. तुमच्याकडून मिळालेली एकच गोष्ट माझी होती, तीही आता कुणाला लागत नाही.

संध्याकाळी मालक म्हणाले, “बाई, फिल्म कापायचं सोमवारपासून बंद. सूनबाईच्या खुर्चीवर बसता का बोला. न्हाईतर मला दुसरं कोणतरी बघाय पायजे.” बसायचं म्हणजे गिऱ्हाइकाचा कागद वाचून टाईप करायचं. जोडाक्षर आलं की मी अडते. मला त्याचा आकार दिसतो, शब्द दिसत नाही. कापायला सांगा, डोळे मिटून कापेन. दादाला फोन केला, तर म्हणतो, “ये की इकडं, तुझ्या वहिनीला सैपाकाला हात हुईल.” बघा, तिथंही हातच.

हे पत्र मी मनातच लिहितेय, टपालात पडायचं नाही. पत्ता काय घालू? एक मात्र सांगते. मालकाला मी सातवी पास म्हणून सांगितलंय. एवढी वर्षं खपलं, सोमवारी पहिल्याच कागदाला उघडं पडेल. नाही बसले तर कोरेगावची चूल आहेच. मला दोन्हीकडं काही बरं दिसत नाही.

तेव्हा आता खरं बोला. माझा हात खरंच चांगला होता, म्हणून काढलंत शाळेतून, का मी पोरगी म्हणून? हात चांगला होता म्हणत असाल, तर त्याच हातावर भरवसा ठेवून बसते त्या खुर्चीवर, हसेनात का लोक. पोरगी म्हणून असेल, तर कोरेगावची पिशवी भरते. सोमवारी दहाला दुकान उघडतं. मला रविवार संध्याकाळच्या आत उत्तर पाहिजे.