आखाजीला केस काळे करू की नको

माय, पत्र लिहायला फार उशीर झाला, माफ कर. तू होतीस तेव्हा तुला वाचता येत नव्हतं आणि मलाही लिहिणं जेमतेमच, सातवीत शाळा सुटलेली. तू गेल्यावर लिहायचं तर टाकायचं कुठे, ते कळेना. पण आता आखाजी, कॅलेंडरात अक्षय तृतीया लिहितात ती, तोंडावर आली आहे आणि एक गोष्ट तुला विचारल्याशिवाय मला ठरवता येत नाही. डोक्याला काळा रंग लावू की नको? हसू नकोस. तुझी सून हसतेच आहे, आणि घरात एकीनं हसलेलं पुरे.

तुला तो दिवस आठवत नसेल. तू तेव्हा दोंडाईच्याला धाकट्याकडे होतीस आणि माणसं ओळखेनाशी झाली होतीस. मी जळगावहून गाडीनं आलो, बऱ्याच महिन्यांनी, आणि तेवढ्यात माझं डोकं पांढरं होऊन गेलं होतं. स्वयंपाकघराच्या दारात मी उभा आहे, तू खाटेवर बसली आहेस, मांडीवर ताट, हातात भाकरीचा तुकडा. तू मला पाहिलंस आणि पटकन पदर डोक्यावरून पुढे ओढलास. खाटेवरून खाली उतरलीस, भिंतीकडे तोंड केलंस. मला वाटलं, चिडली. मग तू हळूच म्हणालीस, "आबा, तुम्ही पहिले जेयी ल्या. मी मांगून खाई लिसू." तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी तुला तुझा सासरा दिसतो आहे. आजोबा जाऊन किती काळ लोटला होता! पण त्यांच्यासमोर तू जन्मात कधी घास तोंडात घातला नव्हतास, तो मान तू विसरली नव्हतीस. मी तुझ्याजवळ बसलो, म्हणालो, "माय, मी तुझा मोठा." तू पदर आणखी खाली ओढलास. मी अंगणात निघून गेलो तेव्हा कुठे तू जेवलीस.

धाकटा मला गाडीवर सोडायला आला. म्हणाला, "भाऊ, तू दाढी कर, काहीतरी कर. तू आलास की ही उपाशी राहते." दाढी तर मी रोजच करत होतो. घरी आलो आणि पहिल्यांदा काळ्या रंगाचं पाकीट आणलं.

तुझ्या सुनेनं जुनी लुंगी माझ्या खांद्यावर टाकली, कपाळाला आणि कानांना खोबरेल चोपडलं म्हणजे कातडी काळी होणार नाही, आणि दात घासायच्या जुन्या ब्रशनं मागची बाजू रंगवली. पुढची मी रंगवली. कान तरी काळे झालेच. पुढच्या रविवारी मी आलो तर तू दारातच म्हणालीस, "उना का रे भाऊ? जिनिंगमाईन उना का?" आणि आलास का, आलास का, करत हात वर करून माझ्या केसांतून काहीतरी झटकू लागलीस. केसांत काही नव्हतं. पण मी पोरगा असताना जिनिंगच्या कारखान्यातून, कामावरून घरी यायचो तेव्हा डोक्यावर, भुवयांवर कापूस बसलेला असायचा, आणि तू उंबऱ्यावर थांबवून पदरानं झटकायचीस, म्हणायचीस की एका दिवसात म्हातारा होऊन आलास. त्या रविवारी तू माझ्या हातानं जेवलीस. वरण-भात, वर तूप.

मग मी ते सोडलं नाही. दोंडाईच्याला यायचं म्हटलं की आदल्या संध्याकाळी रंग. पुढे कळलं की दर वेळी सगळं डोकं रंगवायचं नसतं, मुळाशी पांढरं दिसेल तेवढंच भरायचं, नाहीतर टोकं झाडूसारखी होतात. गरम पाणी घ्यायचं नाही, दोन दिवस साबण नाही. उन्हाळ्यात आपल्याकडे घाम असा की कॉलर काळी व्हायची, म्हणून मी गडद सदरे शिवले. तू गेलीस. आता कोणासाठी, असं कोणी विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नाही. दर आखाजीला तुझी घागर भरायची, गच्चीवर घमेल्यात निखारे करून पुरणपोळीचा घास टाकायचा, तुला हाक मारायची. केस काळे करून बसत आलो.

यंदा होळीनंतर केसांना रंग लावला आणि सकाळी डोळे उघडेनात. तोंड फुगलेलं, कान भट्टीसारखे. डॉक्टर रागावले. पाकिटावर लिहिलेलं असतं म्हणे, की आधी कानामागे थोडा लावून पाहा. इतकी बारीक अक्षरं मी कधी वाचलीच नव्हती. ते म्हणाले, पुन्हा लावलात तर सूज घशात उतरेल, मग माझ्याकडे यायलाही वेळ मिळणार नाही. मी मेंदी लावून पाहिली. मुलगा म्हणाला, "आबा, पारावर बसू नका, लोक नारळ फोडतील." तीही धुऊन काढली, गेली नाही पूर्ण. आता मुळाशी पांढरा, मध्ये शेंदरी, टोकाला काळा असा मी आहे. तू कोणाला ओळखणार?

तुझ्या सुनेला विचारलं. ती पुरणाची डाळ निवडत होती. म्हणाली, "टोपी घाला." मी म्हणालो, टोपी तर आजोबाही घालत. "मग डोकं भादरा." अगं, ते तर माय गेली तेव्हा केलं होतं, तिला वाटेल आणखी कोणी गेलं. तिनं सूप खाली ठेवलं. "माय ओळखो का न ओळखो, तोंड पुन्हा सुजलं तर मीसुद्धा ओळखणार नाही, सांगून ठेवते." मग थोड्या वेळानं आपणहून म्हणाली, "त्यांना सांगा, जिनिंगमधून आलोय. कापूस आहे म्हणावं." मला ते फार पटलं. रात्रभर बरं वाटलं. सकाळी आठवलं की आखाजीला कापसाचा हंगाम संपून जिनिंग बंद असते. हे तुला माझ्याहून जास्त ठाऊक आहे.

मला काही कळेनासं झालं आहे, माय. तिकडे गेल्यावर डोकं ताळ्यावर येतं का? तुला आता सगळी माणसं नीट कळतात का? आजोबाही तिकडेच असतील, म्हणजे इकडे दिसलेला म्हातारा ते नव्हेत, एवढं तरी तुला कळेल ना? पण समजा नाही कळलं, तू पदर ओढून भिंतीकडे तोंड केलंस आणि घास निखाऱ्यावर जळून गेला, तर वर्षभर तू उपाशी. धाकट्याला बसवावं तर तो टकला.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, ते मला माहीत आहे. आणि सुनेला सांगू नकोस, मी नवं पाकीट आणून कोठीत तांदळाच्या डब्यामागे ठेवलं आहे. काल कानामागे बोटभर लावून पाहिलं. खाजतं आहे. लवकर काहीतरी कळव, आखाजीच्या आत. स्वप्नात आलीस तरी चालेल, बोलली नाहीस तरी चालेल. फक्त पदर न ओढता ये.