तीन आवाज

कोथरूड, पुणे
रविवार

प्रिय तनया,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तू हे पत्र बाजूला ठेवशील. ठेव. पण आठवड्याने का होईना, शेवटपर्यंत वाच. फोनवर सांगायला गेलो असतो तर निम्म्यातच मी स्वतःची बाजू मांडायला लागलो असतो आणि तू फोन ठेवला असतास.

वारज्याला एका खाजगी विद्यापीठाचं केंद्र आहे. आरोग्य, खेळ, व्यायाम यांवर तिथे संशोधन चालतं. साठी उलटलेली माणसं एकत्र खेळली तर त्यांच्या तब्येतीत काय फरक पडतो, असा एक अभ्यास त्यांनी काढला होता आणि जूनपासून मी त्यात होतो. आठवड्यातून तीन सकाळी बॅडमिंटन. आधी रक्तदाब, खेळून झाल्यावर पुन्हा रक्तदाब, महिन्यातून एकदा प्रश्नावली. हे सगळं पूर्णिमा बघायची. वाशीमकडची मुलगी, तुझ्याहून पाचएक वर्षांनी लहान. "काका, दोन मिनिटं गप्प बसा, मग मोजते," असं दटावायची. प्रश्नावलीत एक प्रश्न होता, खेळायला लागल्यापासून तुमची चिडचिड कमी झाली का? मी दर महिन्याला 'पुष्कळ' या शब्दासमोर खूण करायचो. ते खोटं नव्हतं. चार महिने मी घरात आवाज चढवला नव्हता. तुझी आई एकदा एवढंच म्हणाली होती, "केंद्र बंद पडू नये म्हणजे मिळवलं."

आम्ही चौघे एकत्र खेळायचो. माझ्या बाजूला जयसिंग, निवृत्त पोस्टमास्तर. समोर आमच्या सोसायटीचे अध्यक्ष उत्तरेश्वर आणि महिपतराव. महिपतराव मूळचे हिंगोलीचे, चाकणला एका कारखान्यात फोरमन होते. वय सत्तर, पण आमच्यात सगळ्यांत चपळ तेच. हसायचे फार. जिंकले तरी हसायचे, हरले तरी हसायचे. मी गणिताचा मास्तर म्हणून मला 'गुरुजी' म्हणायचे. त्यांच्या त्या हसण्याचा मला राग येतो, हे मला त्या मंगळवारपर्यंत कळलं नव्हतं.

त्या दिवशी एकोणीस-एकोणीस झाले होते. मी मारलेलं शटल त्यांच्या मागच्या रेषेवर पडलं. मी म्हटलं आत, उत्तरेश्वर म्हणाले बाहेर. आत-बाहेर असं दोनतीनदा झालं. मग महिपतराव हसत म्हणाले, "द्या हो त्यांना. गुरुजींना पॉइंटची गरज जास्त आहे." जयसिंगही हसला.

मी नेट उचलून खालून पलीकडे गेलो. पहिला फटका रॅकेटच्या कडेने त्यांच्या कानावर मारला. ते वळले. त्यांच्या तोंडावरचं हसू अजून पुरतं गेलेलं नव्हतं. दुसरा फटका डाव्या डोळ्यावर बसला. कड आत गेलेली मला हाताला कळली. ते मागे कोसळले, डोकं लाकडी फरशीवर आपटलं. त्यांनी दोन्ही हात तोंडावर घेतले होते, तरी मी वाकून तिसरा मारला, त्या हातांवर. रॅकेट दांड्याशी तुटली. हातात उरलेल्या तुकड्यानेही मी मारलं असतं, पण जयसिंगने मागून मला मिठी घातली. हे लिहिणं सगळ्यांत अवघड आहे, तनया, पण लिहितो. त्या क्षणी मला बरं वाटत होतं.

पूर्णिमा शेजारच्या खोलीत आकडे छापत होती. ती धावत आली, गुडघ्यांवर बसली आणि महिपतरावांच्या डोळ्यावर टॉवेल दाबून धरला. टॉवेल बघता बघता लाल झाला. तिने मान वर करून आमच्याकडे पाहिलं. ती काही विचारण्याआधीच उत्तरेश्वर म्हणाले, "दोघं एकदम नेटजवळ आले. रॅकेट लागली." जयसिंगने मान डोलावली. मी तो दांडा हातात धरून तसाच उभा राहिलो. नंतर गाड्या लावतो तिथे उत्तरेश्वर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "त्यांचा डोळा काही परत यायचा नाही. मग तुमची अब्रू कशाला घालवायची?"

घरी आलो तर तुझ्या आईने माझा शर्ट काढून घेतला आणि बादलीत थंड पाण्यात बुडवला. गरम पाण्याने रक्ताचा डाग पक्का होतो, हे तिला कुणामुळे ठाऊक झालं ते तुला सांगायला नको.

महिपतरावांचा डोळा काढावा लागला. चौथ्या दिवशी मी दवाखान्यात गेलो. डोक्याला मार बसल्यामुळे त्यांना त्या सकाळचं काहीच आठवत नव्हतं. शेजारी त्यांचा मुलगा चेतन बसला होता. "गुरुजी, झालं कसं हो? तुम्हीच सांगा नीट," ते म्हणाले. मी सांगितलं. नेट, घाई, रॅकेट. हाताने दाखवूनसुद्धा दिलं. दोन बोटं प्लास्टरमध्ये असलेला हात त्यांनी माझ्या हातावर ठेवला. "मनाला लावून घेऊ नका. खेळात होतं असं," म्हणाले. चेतन मला खाली रिक्षापर्यंत सोडायला आला.

केंद्राने चौकशी समिती नेमली. पूर्णिमाने लिहून दिलं की तिने तीन आवाज ऐकले, आणि एकच फटका चुकून बसला असेल तर डोळाही जाईल आणि दोन बोटंही मोडतील, हे कसं? आम्ही तिघांनी लिहून दिलं की एकच आवाज झाला, बोटं पडताना मोडली. तिघे ज्येष्ठ नागरिक एकीकडे, कंत्राटावरची एक मुलगी दुसरीकडे. खेळणाऱ्यांना डोळे जपायचे चष्मे दिले नाहीत, स्वतः कोर्टवर हजर नव्हती, आणि वर सभ्य माणसांवर आरोप करते, असा ठपका ठेवून तिला कामावरून काढलं.

परवा ती घरी आली. आत ये म्हटलं तर आली नाही. दारातूनच म्हणाली, "काका, मी खोटं लिहिलं का? एवढंच सांगा." मी म्हटलं, "तू आतल्या खोलीत होतीस. तुला काय दिसणार?" ती म्हणाली, "दिसलं नाही. ऐकू आलं." आणि जिना उतरून गेली. मी दार लावून वळलो तर तुझी आई मागे उभी होती. म्हणाली, "आणखी एका मुलीच्या तोंडी खोटं घालायला निघालात."

पहिली मुलगी कोण, हे तिने सांगितलं नाही. तू अकरा वर्षांची होतीस. भूमितीची वही शाळेत विसरून आलीस, एवढंच झालं होतं. मी मारलं आणि तुझ्या डाव्या कानातून रक्त आलं. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी तोंड उघडायच्या आत तू म्हणालीस, "जिन्यात पडले." आणि बरोबर बोलले ना, अशा नजरेने माझ्याकडे पाहिलंस. मी तुझ्या डोक्यावरून हात फिरवला. त्या कानाने तुला कमी ऐकू येतं हे मला एकवीस वर्षं माहीत आहे, आणि एकवीस वर्षं मी ते माहीत नसल्यासारखा वागलो. उद्या सकाळी मी पोलीस चौकीत जाऊन तीनही फटके लिहून देणार आहे, मग केंद्रात, मग महिपतरावांकडे. तुझी आई बरोबर येते आहे. मला आधार द्यायला नाही. "तुम्ही ऐनवेळी भाषा बदलाल म्हणून," असं तिने स्पष्ट सांगितलं. यापूर्वी मी कुणावर हात उचलला होता का, हे पोलीस विचारतील. ती लग्नानंतरची तिची एकोणचाळीस वर्षं सांगणार आहे. मग ते कदाचित तुला बंगळूरला फोन करतील. माफी मागायला हे पत्र लिहिलेलं नाही. ती मागायची हिंमत नाही, आणि तू द्यावीस असं काही मी केलेलंही नाही. लिहिलं ते एवढ्यासाठी की त्यांनी विचारलं, तर या वेळी जिना सांगू नकोस.

अजून म्हणवत असेल तर, तुझाच
बाबा