एकाच पेशीच्या चार अवस्था

३ फेब्रुवारी, सोमवार
शुक्रवारी डेमो. सुपरवायझर बाईंसमोर पंचेचाळीस मिनिटं जीवशास्त्र शिकवायचं. जमलं तर कायम नोकरी. सहा वर्षं हंगामी आहे, खेळाचा तास घेतो. खेळाची जागा निघत नाही, जीवशास्त्राची निघाली. हेडमिस्ट्रेसना सांगितलं, पेशीविभाजन माझ्या हातचा मळ. त्या म्हणाल्या, मग चारही अवस्था मायक्रोस्कोपमध्ये दाखवा, फळ्यावर काढू नका.
कांद्याची मुळं लागतात. बोंगाबोन म्हणजे कांद्याचंच गाव, इथे कांद्याला काय तोटा. पाच ग्लासांत पाच कांदे पाण्यावर ठेवले. बायको नेनिता म्हणाली, घरात पाचच ग्लास आहेत, अम्बो. आता पाणी ओंजळीने पिऊ का?
निश्चय: रोज पहाटे पुस्तकाची दहा पानं.

४, मंगळवार
पानं: दोन. उकाडा.

५, बुधवार, सकाळी ९
मुळं बोटभर. टोकं कापून लॅबमधल्या आम्ल-अल्कोहोलमध्ये टाकली. उद्यापर्यंत तिथेच. हे का करतात यावर तीन पानं आहेत. कृती कळली की पुरे. वगळली.

संध्याकाळ
मेहुण्याने फाटकावर बॅनर लावला: 'अभिनंदन! सर अम्बो, कायम शिक्षक.' माझा फोटो दारापेक्षा मोठा. म्हटलं, डेमो व्हायचाय अजून. तो म्हणाला, छापणाऱ्याकडे शुक्रवारी गर्दी असते.

६, गुरुवार, सकाळी १०
रंग दिला, काच ठेवली, अंगठ्याने दाबलं. सापडली. पेशीच्या मधोमध गुणसूत्रं एका रांगेत. मध्यावस्था, पुस्तकातल्यासारखी.
आता रांग फुटून दोन टोकांना जाईल, ती पश्चावस्था. मग मध्ये भिंत, ती अंत्यावस्था. पूर्वावस्था होऊन गेली, ती तोंडी सांगेन. पुस्तक म्हणतं, मध्यावस्था काही मिनिटांची. म्हणजे चार पेशी शोधायची गरजच नाही. एकच सगळं करून दाखवेल.

१०.४०
काही नाही.

१२
काही नाही. दिवा प्रखर असावा. कमी केला.

३
केमिस्ट्रीच्या मॅम फिलोमेना डोकावल्या. म्हणाल्या, सर, लग्नाआधी नेनिताकडे तरी इतकं टक लावून बघितलं होतंत का? पेशी का हलत नाही, हे त्यांना विचारावंसं वाटलं. पण त्या हेडमिस्ट्रेसच्या चुलतबहीण. नुसता हसलो.

५
स्लाइड अजिबात हलवलेली नाही. हलली तर पेशी हरवेल. शिपायाला टेबल पुसू दिलं नाही.
घाबरण्यासारखं काही नाही. आज झाली नाही म्हणजे उद्या होणार. उलट बरंच. फक्त नऊच्या डेमोआधी नको.

७, शुक्रवार, सकाळी ७
तशीच आहे. चर्चमधून येणाऱ्या शेजारणी म्हणाल्या, कायम सर, पार्टी कधी?

दुपार
डॉक्टरेटवाल्या सुपरवायझर बाई, डोक्तोरा एव्हान्खेलिस्ता, यांना मायक्रोस्कोपशी बसवलं. सांगितलं, नजर हलवू नका, आता विभागेल. मुलांना सांगितलं, श्वाससुद्धा हळू घ्या. अकरा मिनिटं गेली. मागच्या बाकावरून कोणीतरी विचारलं, सर, झोपली का ती?
डोक्तोरांनी मान वर केली. मुळं कशात ठेवली होती, म्हणाल्या. सांगितलं, आम्ल आणि अल्कोहोल, पूर्ण चोवीस तास.
त्या म्हणाल्या, मग ती बुधवारीच मेली की हो, सर. मारतात त्यासाठीच. जी जिथे असेल तिथे थांबावी म्हणून.
मग त्यांनी स्लाइड केसभर सरकवली. म्हणाल्या, ही बघा पश्चावस्था. ही अंत्यावस्था. पूर्वावस्था तर डझनभर आहेत.
सगळ्या माझ्या पेशीला खेटूनच होत्या. मुलं एकेक करून बघून गेली. माझी पाळी येईपर्यंत घंटा झाली.

८, शनिवार
निकाल. विषयज्ञान: दहापैकी एक. वर्गाची शिस्त: दहापैकी दहा. शेरा: 'चाळीस मुलं इतका वेळ गप्प बसलेली मी पाहिली नव्हती.'
हेडमिस्ट्रेस म्हणाल्या, सोमवारपासून कॅन्टीनची रांग तुम्हीच सांभाळा.
विचारलं, हे काम तरी कायम का?
म्हणाल्या, बघू, आधी जूनपर्यंत करा.